वहीत लिहिलंय का?

मंगळवार. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. समोर लॅपटॉप, शेजारी गार झालेला चहा आणि बारा वाजता पाठवायचा लेख अजून दोनच परिच्छेदांवर अडकलेला. (‘फ्रीलान्सर म्हणजे नक्की काय करतेस गं?’ असं विचारणाऱ्या तमाम नातेवाइकांसाठी एवढं चित्र पुरे!) तेवढ्यात ताईचा फोन. आता माझी ताई म्हणजे हिंजवडीतली आयटीवाली. ऑफिसच्या वेळात ती फोन करत नाही. फार तर एखादा मेसेज टाकते, तोही अर्धी अक्षरं खाऊन. त्यामुळे स्क्रीनवर तिचं नाव दिसलं तेव्हाच पोटात गोळा आला.

‘कुठे आहेस?’

‘घरीच. का गं?’

‘आत्ताच्या आत्ता पाळणाघरात जा. ओवीला दोनदा औषध दिलं गेलंय. मी निघालेय, पण मला तास तरी लागेल.’

हिंजवडी ते कोथरूड हे काय प्रकरण आहे ते पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. मी राहते कर्वेनगरात. ॲक्टिव्हाची किल्ली उचलली, खाली गेले, हेल्मेटसाठी परत वर आले आणि पुढच्या बारा मिनिटांत पाळणाघराच्या दारात हजर. आत बघते तर ओवी, वय वर्षं पावणेदोन, सतरंजीवर बसून कुणाच्या तरी बुटांच्या जोड्या लावतेय. चेहरा किंचित लाल, बाकी एकदम मजेत. तिच्या भोवती उभ्या असलेल्या मोठ्या माणसांचे चेहरे मात्र बघवत नव्हते.

थांबा, आधी पात्रपरिचय करून देते. नाहीतर तुमचाही गोंधळ होईल, आमचा झाला तसा.

ओवीला सांभाळणारी माणसं मोजली तर हाताची बोटं पुरत नाहीत. ताई आणि जीजू. ताईच्या सासूबाई, ज्यांना मी ओवीच्या नात्याने आजी म्हणते. पाळणाघर चालवणाऱ्या काकू. त्यांच्याकडच्या दोन मदतनीस, त्यातली एक सुनीता. घरी संध्याकाळी पोळ्यांना येणाऱ्या बाई, ज्यांना सगळे मावशी म्हणतात. आणि मी. त्यामुळे ओवीच्या लेखी मावश्या दोन. एक पोळीवाली आणि एक मी, ‘खरी मावशी’. (पोळीवाल्या मावशींना हे विशेषण अजिबात मान्य नाही. ‘रोज कोन येतं सांगा बरं?’ हा त्यांचा सवाल, आणि मुद्दा बिनतोड आहे.)

तर झालं असं. मंगळवारी सकाळी ओवीचं अंग कोमट लागत होतं. ताईचं त्या दिवशी क्लायंटसमोर प्रेझेंटेशन. आधीच्या महिन्यात ओवीच्या सर्दीपायी तिच्या दोन सुट्ट्या झालेल्या. आजींनी हे सगळं पाहिलं आणि ताई अंघोळीला गेलेली असताना सव्वाआठ वाजता तापाचं गुलाबी सिरप ओवीला पाजलं. सांगितलं कुणालाच नाही. साडेनऊला जीजूंनी ओवीला पाळणाघरात सोडलं. कारमधून न उतरता, दारातून आत देऊन, ‘बाय सोन्या’ करून. पावणेअकराला अंग पुन्हा तापायला लागलं. काकूंनी शिस्तीत ताईला फोन लावला. ‘सकाळी काही दिलं होतं का?’ ताई म्हणाली, ‘नाही हो काकू. बॅगेत बाटली आहे, द्या.’ काकूंनी दिलं. झालं.

बघा ना, यात चुकलं कोण? काकूंनी विचारल्याशिवाय औषध दिलेलं नाही. ताई खोटं बोललेली नाही. आणि आजींनी जे केलं ते सुनेसाठी केलं. म्हणजे जो तो आपापल्या जागी बरोबर, आणि मधल्यामध्ये ओवी.

आता यातली सुनीताची गोष्ट, जी मला सगळ्यात शेवटी कळली. ओवीचा बनियन बदलताना सुनीताला गळ्यापाशी गुलाबी डाग दिसला. चिकट, गोडसर वासाचा. ती काकूंना म्हणालीसुद्धा, ‘काकू, हिला सकाळी औषध पाजलेलं दिसतंय.’ पण काकूंच्या एका खांद्यावर फोन, दुसऱ्या हातात रडणारं पोर. ‘अगं, तिच्या आईलाच विचारलंय मी.’ सुनीता गप्प बसली. मात्र काकूंनी सवयीने पाच मिलिलिटरचं माप पुढे केलं तेव्हा ती पुन्हा बोलली, ‘काकू, ही थेंबांची बाटली आहे. हिच्यासोबत ड्रॉपर आहे.’ हे दुसरं बोलणं काकूंनी ऐकलं आणि ड्रॉपरने मोजून दिलं. दिल्यावरही सुनीताला चैन पडेना. तिने तो बनियन आणून काकूंच्या समोर धरला. मग काकूंचा ताईला दुसरा फोन, ताईचा आजींना फोन, आणि आजी दोन सेकंद गप्प राहून म्हणाल्या, ‘दिलं होतं. सव्वाआठला.’

मी ओवीला उचललं, दोन्ही बाटल्या पर्समध्ये टाकल्या (हे मात्र मला बरोबर सुचलं, शाबासकी द्या) आणि डॉक्टरांकडे. ओवीचं वजन अकरा किलो. डॉक्टरांनी वेळा विचारल्या, मात्रा विचारल्या, बाटल्या उलटसुलट करून बघितल्या आणि म्हणाले, दोन डोसांत निदान चार ते सहा तासांचं अंतर हवं होतं, इथे अडीच तासच झालेत. पण दोन्ही वेळा मात्रा वजनाप्रमाणेच होती, त्यामुळे घाबरण्यासारखं नाही. संध्याकाळपर्यंत आता काही द्यायचं नाही, पाणी पाजा, लक्ष ठेवा. माझ्या जिवात जीव आला. मग त्यांनी त्या दोन बाटल्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि सुनीताने नेमकं काय वाचवलं ते सांगितलं.

लहान मुलांच्या तापावरचं पॅरासिटामॉल आपल्याकडे दोन रूपांत मिळतं. सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये साधारणपणे १२० किंवा २५० मिलिग्रॅम औषध असतं. थेंबांच्या छोट्या बाटलीत मात्र एकाच मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम! म्हणजे सिरपच्या मापाने पाच मिलिलिटर थेंब पाजले असते तर एका दमात ५०० मिलिग्रॅम, तेही आधीच्या डोसानंतर अडीच तासांत. मी तुमच्यासारखीच. त्या दिवसापर्यंत मला वाटायचं, तापाचं औषध म्हणजे तापाचं औषध. घरी लहान मूल असेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी बाटलीवरचं बारीक अक्षर वाचून या. मी थांबते.

निघताना डॉक्टर म्हणाले, ‘औषधाची काळजी करू नका. तुम्ही सगळे एकमेकांशी बोलत नाही, त्याची करा.’

कोण म्हणतं बोलत नाही? त्या संध्याकाळी तर सगळे बोलत होते, आणि सगळे माझ्याशीच! ताई आजींवर चिडलेली, पण सासूबाईंना तोंडावर कसं बोलणार, म्हणून मला फोन. आजी म्हणाल्या, ‘त्या बाईंना कळायला नको? पोरीचं तोंड हुंगलं असतं तर समजलं असतं.’ काकू म्हणाल्या, ‘ताप असलेलं मूल पाठवायचं नाही असा नियम पहिल्या दिवशी सांगितला होता मी. चौदा वर्षं पाळणाघर चालवतेय, असं कधी झालं नव्हतं.’ जीजू म्हणाले, ‘मला कुणी काही सांगतच नाही.’ (जीजू, सांगायला तुम्ही गाडीतून उतरायला हवं ना!) आणि हे सगळं चाललेलं असताना आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुपही आहे बरं का. नाव ‘टीम ओवी’. त्यात दोन्हीकडचे आजी-आजोबा, न्यूजर्सीचा मामा, मामी आणि मी. मी तो कधीच म्यूट केलाय. त्यात काकू नाहीत. सुनीता तर नाहीच नाही. म्हणजे रोज दहा तास जिच्या हातात ओवी असते ती टीममध्ये नाही, आणि न्यूजर्सीचा मामा आहे!

मला त्या रात्री कोसबाड आठवलं. मास कॉमच्या दुसऱ्या वर्षी फीचरसाठी गेले होते. खरं सांगायचं तर टेकडी, चिकू आणि समुद्र यासाठी गेले होते, फीचर बहाणा. पण तिथे ताराबाई मोडक भेटल्या. म्हणजे त्यांचं काम भेटलं, त्या १९७३ सालीच गेल्या. गिजुभाई बधेकांच्या बरोबरीने भावनगरला बालशिक्षणाचं काम केलेल्या या बाई १९४५ साली बोर्डीला आल्या आणि आदिवासी मुलांसाठी बालवाडी काढली. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ. वस्तीवरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तर बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी. हाच शब्द पुढे सरकारने घेतला. २ ऑक्टोबर १९७५ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळालं आणि ते देशभर गेलं.

माझ्या तेव्हाच्या फीचरमध्ये मी खेळणी, निसर्ग, पर्यावरण असं बरंच काही लिहिलं होतं. एक गोष्ट मात्र आत्ता डोक्यात आली. अंगणात जायचं म्हणजे मुलाच्या आईसमोर, आजीसमोर, थोरल्या भावंडांसमोर जायचं. शिकवणारी बाई आणि घरची माणसं एकमेकींना रोज बघणार. पोराला नाहायला घालायचं तेही तिथेच, सगळ्यांच्या देखत. आपल्याकडे काय होतं? पाळणाघराच्या दारात मूल हातातून हातात जातं, तेही इंजिन चालू ठेवून. आजी आणि काकू, दोघी मिळून दिवसाचे चौदा तास त्या पोरीला वाढवतायत, आणि दीड वर्षात दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलेलं नव्हतं. पाहिलं नव्हतं, पण मतं मात्र भरपूर होती. आजींच्या मते काकू मुलांना ब्रेड-जॅमवर ठेवतात. काकूंच्या मते आजी पोरीला टीव्हीपुढे बसवून भरवतात. आणि मधून ओवी दोघींच्या बातम्या इकडच्या तिकडे करणार, तिच्या भाषेत. ‘काकू ब्बा’ म्हणजे काकूंनी रागावलं की काकूंनी ब्रेड दिला, यावर आमच्या घरी पाऊण तास चर्चा झालेली आहे.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर (माझ्या डोक्यात निघालाय, असू द्या) तोही सांगते. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा बारा आठवड्यांची सव्वीस आठवडे झाली, हे सगळ्यांना माहीत आहे. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला बघून यायची मुभा हवी, हे फार कुणाला माहीत नसतं. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. ताईच्या कंपनीने काय केलं? कोथरूडच्या एका पाळणाघराशी टाय-अप. आता हिंजवडीहून कोथरूडला दिवसातून चार वेळा म्हणजे आठ फेऱ्या. ताईने एकदा हिशेब केला होता. तिसऱ्या फेरीत रात्र होते.

असो. तर शनिवारी मीटिंग ठरली. ठरली म्हणजे मी ठरवली, कारण सगळ्यांचे फोन घेऊन घेऊन माझा लेख बुडाला होता आणि संपादकबाई माझ्याशी जेमतेम बोलत होत्या. जागा पाळणाघर, वेळ दुपारी साडेचार, म्हणजे शनिवारची अर्ध्या दिवसाची मुलं घरी गेल्यावर. मी बाकरवडी घेऊन गेले. रिकाम्या हाताने भांडायला बसलं की भांडण फार लांबतं, हा माझा अनुभव.

आजी गुडघा सांभाळत, कठडा धरत आल्या. दारात थांबून त्यांनी आधी सगळं न्याहाळलं. भिंतीवर मुलांच्या उंचीला लावलेले फोटो, एका रांगेत टांगलेले नॅपकिन, प्रत्येकावर नाव. ‘स्वच्छ आहे हो,’ त्या माझ्या कानात म्हणाल्या, जरा नाराजीनेच. सुनीता चहाचा ट्रे घेऊन आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. सगळे खुर्च्यांवर. आजी म्हणाल्या, ‘बस की गं.’ मोठी खुर्ची उरली नव्हती, तेव्हा सुनीता मुलांच्या छोट्या लाल खुर्चीवर बसली, गुडघे हनुवटीला लावून.

आता सुरुवात कोण करणार? मला धडकी भरली होती. पण काकूंनी जे केलं ते मी कायमचं लक्षात ठेवलंय. त्यांनी मंगळवारचा विषयच काढला नाही. त्या आजींना म्हणाल्या, ‘तुमची नात रोज सगळ्या मुलांच्या बुटांच्या जोड्या लावते. सतरा-अठरा मुलं आहेत, कुणाचा बूट कुठला हे तिला पाठ आहे. घरी कुणी शिकवलं?’ आजींचा चेहरा एकदम बदलला. ‘मीच,’ त्या म्हणाल्या. ‘रात्री दारातल्या चपला आम्ही दोघी मिळून लावतो.’ आणि ब्रेड-जॅमची जी तक्रार त्या घरून पाठ करून आल्या होत्या ती त्या दिवशी बाहेर आलीच नाही. (नंतर आली. तीन आठवड्यांनी. पण तेव्हा दोघी हसत होत्या.)

मग मात्र काकूंनीही मनातलं सांगितलं. त्या ताईला म्हणाल्या, ‘ओवीची आई, राग मानू नका. साडेसहाची वेळ असताना तुम्ही आठवड्यातून दोनदा पावणेआठला येता, ते ट्रॅफिक मी समजू शकते. पण परवा जिना उतरताना तुम्ही तिला विचारत होतात, काकू मारते का, काकू ओरडते का. मला ऐकू आलं.’ ताईची मान खाली. मी पण बाकरवडीकडे बघायला लागले, कारण तोच प्रश्न मीही ओवीला विचारलेला होता, ॲक्टिव्हावर. काळजी वाटते, मान्य. मुलाच्या अंगावर, वागण्यात काही वेगळं दिसलं तर चौकशी करायलाच हवी, तिथे कुणाचा मुलाहिजा नको. पण पावणेदोन वर्षांच्या पोरीला रोज तोच प्रश्न विचारायचा म्हणजे जिच्याकडे तिला सकाळी सोपवतो तिची भीती आपणच तिच्या डोक्यात घालायची. विचारायचं तर काकूंनाच, ओवीच्या मागे.

ताई बोलायची ती आजींशी बोलली. सगळ्यांसमोर, आवाज न चढवता. ‘आई, तुम्ही मला सांगितलं असतं तर मी सुट्टी घेतली असती.’ आजी म्हणाल्या, ‘म्हणूनच नाही सांगितलं.’

आजी टेलिफोन ऑफिसात नोकरीला होत्या. ट्रंक कॉल जोडण्यापासून सगळं केलेलं. त्यांच्या वेळी घरी सांभाळायला कुणी नव्हतं, जीजू सारखे आजारी, आणि आजींनी एक प्रमोशन सोडलं कारण त्यात बदली होती. हे ताईला माहीत होतं, पण चार वाक्यांत कुणी सांगितलेलं नव्हतं. ‘माझं गेलं ते गेलं. हिचं जायला नको म्हणून मी गुपचूप पाजलं. चुकलं माझं,’ आजी म्हणाल्या. सासूने सुनेला चारचौघांत ‘चुकलं’ म्हणायला काय लागतं ते तुम्हाला सांगायला नको. जीजू खिडकीबाहेर बघत होते.

आणि मग आजीच म्हणाल्या, ‘आमच्याकडे शिफ्ट बदलताना रजिस्टर असायचं. कुठला कॉल लागला, कुठला पेंडिंग, कुठली लाईन खराब. लिहून सही केल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही. माझ्या मैत्रिणीशी माझं भांडण होतं, दोन वर्षं आम्ही बोलत नव्हतो. पण रजिस्टर दोघी लिहायचो.’

हे मला सॉलिड आवडलं. एकमेकांवर जीव असायलाच हवा असं काही नाही. आम्ही उगाच ‘टीम’ वगैरे शब्द वापरत होतो.

तर शंभर पानी वही आली. काकूंच्या शेजारच्या दुकानातून, तेव्हाच्या तेव्हा, मांजराचं चित्र असलेली. ती ओवीच्या बॅगेतून रोज इकडून तिकडे जाते. सकाळी घरून निघताना लिहायचं: झोप कशी, खाल्लं काय, शी-सू, औषध दिलं असेल तर नाव, किती आणि किती वाजता. पाळणाघरातून निघताना तेच. आणि शेवटी लिहिणाऱ्याचं नाव. औषधाच्या बाबतीत एकच नियम: वहीत बघितल्याशिवाय बाटली उघडायची नाही. आणि घरी, पाळणाघरी एकाच प्रकारची बाटली, थेंबांची नको. व्हॉट्सॲपवर का नाही, असं जीजूंनी विचारलं. सुनीता पहिल्यांदाच आपण होऊन बोलली. ‘दादा, पोरं असताना आम्ही फोन हातात घेत नाही. काकूंचा नियम आहे.’

पाळणाघराकडून वहीत कोण लिहिणार? काकू म्हणाल्या मी लिहीन. मी म्हटलं, सुनीताने लिहावं. डाग तिने पाहिला होता. नंतर एका लेखासाठी वाचताना कळलं, इंग्लंडमध्ये लहान मुलांच्या संगोपन केंद्रांना प्रत्येक मुलासाठी एक ठरलेली व्यक्ती नेमून द्यावीच लागते. तिने त्या मुलाला ओळखायचं, आणि घरच्यांशी बोलायचं तेही तिनेच. आपल्याकडे उलटं. ज्याच्या मांडीवर मूल झोपतं त्याने दारात येऊन बोलायचं नसतं, ते मालकीणबाईंचं काम. अंगणवाडीतसुद्धा सेविका वेगळी, मदतनीस वेगळी. मदतनीस मुलांना घेऊन येते, शिजवते, पुसते, तिचं मानधन कमी, आणि फोटोत ती कडेला असते. सुनीता बारावी झालेली आहे. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. काकू क्षणभर थबकल्या, मग म्हणाल्या, ‘लिहू दे.’

आता सगळं गोड झालं असं वाटत असेल तर थांबा. पुढच्याच आठवड्यात ताईने सुनीताला परस्पर हजार रुपये द्यायला काढले, त्या बनियनबद्दल बक्षीस म्हणून. सुनीताने घेतले नाहीत आणि काकू सॉलिड दुखावल्या. ‘माझ्याकडच्या माणसाला तुम्ही वेगळे पैसे दिलेत तर उद्या दुसरी म्हणेल मला का नाही. आणि बाकीच्या मुलांनी काय करायचं?’ ताईला वाटलं काकू कंजूष आहेत. काकूंना वाटलं ताई पैशाचा तोरा दाखवतेय. मला विचाराल तर दोघींचं थोडं थोडं बरोबर होतं, आणि खरा प्रश्न त्या हजाराचा नव्हताच. सुनीताची स्वतःची मुलगी चार वर्षांची आहे. दुपारी एकपर्यंत अंगणवाडीत, मग संध्याकाळी सातपर्यंत शेजारणीकडे. ताई पावणेआठला येते तेव्हा सुनीताची मुलगी कुणाकडे असते, हे आमच्यापैकी कुणीही दीड वर्षात विचारलेलं नव्हतं. मीसुद्धा नाही, आणि मी म्हणे पत्रकार!

शेवटी काकूंनी सगळ्या पालकांना बोलावून फी महिना तीनशे रुपयांनी वाढवली, आणि त्यातून दोघी मदतनिसांना महिन्याला दोन पगारी सुट्ट्या आणि उशिरापर्यंत थांबल्याचे वेगळे पैसे सुरू केले. दोन पालक कुरकुरले, एकाने मूल काढून घेतलं. ताई आता पावणेआठला येत नाही असं नाही. पण येणार असेल तर पाच वाजता फोन करते, आणि तो सुनीताला करते.

जीजूंचं काय? पहिले तीन आठवडे वहीत त्यांचं अक्षर नव्हतं. सकाळी सोडायचे तेच, पण लिहायच्या आजी. मी जेवणाच्या टेबलावर सहज म्हटलं, ‘जीजू, वहीत तुमचं नाव शोधत होते, सापडलं नाही.’ ताईने मला टेबलाखालून लाथ मारली. पण गुरुवारपासून ते गाडीतून उतरायला लागले. त्यांची पहिली नोंद होती, ‘ओके. ऑल गुड.’ खाली लाल पेनाने काकूंचं अक्षर: ‘सू किती वेळा?’ आता ते नीट लिहितात. परवाची नोंद तर चक्क अर्धं पान होती, ओवी पहाटे चार वाजता उठून ‘चांदोबा’ कसं म्हणाली त्याची. सुनीताने त्याखाली लिहिलं होतं, ‘इथे पण दुपारी खिडकीत शोधत होती.’

वही आता दुसरी चालू आहे. पहिली आजींनी कपाटात ठेवलीय, पासबुकांच्या शेजारी.

गेल्या शुक्रवारी ताई-जीजू सिनेमाला गेले आणि ओवी रात्री माझ्याकडे होती. आम्ही दोघींनी धमाल केली. सकाळी तिला पाळणाघरात सोडलं आणि घरी येऊन लॅपटॉप उघडतेय तोच फोन. अनोळखी नंबर.

‘खरी मावशी, सुनीता बोलतेय. वहीत लिहिलं नाही तुम्ही. रात्री काय खाल्लं तिनं? पोट दुखतंय म्हणतेय.’

मी जरा घसा खाकरला. ‘वरणभात.’

‘आणि?’

‘...दोन कुरकुरे.’

तिने ते वहीत लिहिलं, वेळेसकट, माझ्या नावाने. संध्याकाळी ताईने मला त्या पानाचा फोटो पाठवला. ‘कुरकुरे, २’ या नोंदीपुढे आजींनी पेन्सिलने एक प्रश्नचिन्ह काढलं होतं.